जॅम-पॅक्ड जर्मनी!

मामीने केलेला हापूसचा जॅम जर्मनीत विकायचा, एवढी साधी-सरळ आयडिया. मग वाटेत आले कायदे, कस्टम्स, रिकाम्या बाटल्यांचं रजिस्टर आणि एक छोटासा शब्द...

नोव्हेंबर २०१९मधला एक शनिवार. बाहेर स्टुटगार्टमध्ये बोचरी थंडी. टीममधली मंडळी वीकेंडला आल्प्समध्ये. आणि मी? एका इंडियन ग्रोसरीच्या मागच्या खोलीत, बासमतीच्या पोत्यावर बसून जॅमच्या बाटल्यांना नवी लेबलं चिकटवतोय. जुन्या लेबलावर नवं लेबल, बरोब्बर कडेला कड लावून. एक नाही, दोन नाही, तब्बल पाचशे साठ बाटल्या!

जुन्या आणि नव्या लेबलात फरक किती? पुढचा एक शब्द गेला होता आणि मागे एक शब्द वाढला होता. बस्स. पण त्या दोन शब्दांपायी माझी आठवड्याभराची झोप उडाली होती आणि मामीशी माझं जवळपास भांडण झालं होतं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

सुटकेसमधला आंबा

आयटीतल्या कुठल्याही पुणेकरासारखा मीही 'सहाच महिन्यांसाठी' ऑनसाइट गेलो आणि दोन वर्षं तिथेच राहिलो. २०१८च्या मेमध्ये सुट्टीवर आलो, तेव्हा निघताना मामीने बॅगेत तीन बाटल्या कोंबल्या. मामी कुडाळजवळ राहते. तिचा अकरा बायकांचा बचत गट आहे. आंब्याचा जॅम, साखरांबा, कोकम आगळ, करवंदाचं लोणचं असा सगळा कारभार. मुंबईत 'महालक्ष्मी सरस'ला स्टॉल लागला की वर्षाचा बराचसा धंदा तिथेच होतो.

आमच्या जर्मन टीमचा शुक्रवारी एकत्र ब्रेकफास्ट असायचा. कुणीतरी ताजे पाव आणायचं, कुणी चीज. एका शुक्रवारी मी मामीची बाटली ठेवली. दहा मिनिटांत तळ दिसला! एक जण तर रिकाम्या बाटलीत चमचा फिरवत होता. त्या बिचाऱ्यांनी आंबा म्हणजे सुपरमार्केटमधला, पेरू देशातून नाहीतर ब्राझीलमधून आलेला, हिरवट-लाल, दगडासारखा प्रकार पाहिलेला. हापूस म्हणजे काय, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ताजा आंबा नेणं म्हणजे डोक्याला ताप. फळमाशी सापडली म्हणून १ मे २०१४पासून युरोपियन युनियनने भारतीय आंब्यावर बंदीच घातली होती. ती जानेवारी २०१५मध्ये उठली, पण गरम पाण्याची प्रक्रिया, तपासणी, विमानाचं भाडं, सगळं आलंच. जॅमला कसली आलीय माशी? शिजवलेला, बाटलीबंद, वर्षभर टिकणारा. बोटीने पाठवा, आरामात विका. एक्सेल उघडलं. एक्सेलमध्ये सगळेच धंदे फायद्यात असतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मामीला फोन केला. ती आधी हसली. मग म्हणाली, "झिला, जॅम मी करून देतंय. पण थयसर विकूचा कसा, ता तुझा तू बघ."

तिथेच तर सगळी गंमत होती.

नावात काय आहे? सगळंच!

माझा पहिला फंडा असा, की लेबल म्हणजे डिझायनरचं काम. सुंदर आंबा, मागे समुद्र, वर 'अल्फान्सो मार्मेलाडे'. सगळे जर्मन घरात जॅमला मार्मेलाडेच म्हणतात, मग दुसरं काय लिहायचं?

चूक नंबर एक. युरोपच्या जॅमला स्वतःचा कायदा आहे. २००१चा हा नियम सांगतो की मार्मेलाडे म्हणजे फक्त संत्रं-लिंबू वर्गातल्या फळांचा. बाकी सगळ्यांनी जर्मनीत 'कोनफिट्युरे' म्हणायचं. इंग्रजांच्या तोंडी मार्मलेड म्हणजे संत्र्याचंच, तोच अर्थ १९७९च्या युरोपियन नियमात आला आणि जर्मन लोकांच्या रोजच्या शब्दावर पाणी पडलं. पुढे त्यांनी आरडाओरडा केल्यावर २००४मध्ये सवलत मिळाली, की आठवडी बाजारात, शेतकरी बाजारात विकताना मार्मेलाडे लिहिलेलं चालेल. म्हणजे दुकानात कोनफिट्युरे, बाजारात मार्मेलाडे. बाटली तीच!

गंमत बघा. मार्मेलाडे हा शब्द मूळचा पोर्तुगीज. बिही नावाच्या फळाला ते 'मार्मेलो' म्हणतात, त्याच्या वडीवरून आलेला. आणि आपला हापूस? तोही अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीजाच्या नावावरून आला, असं मानतात. दोन्ही शब्द एकाच गावचे, पण एका लेबलावर नांदायला बंदी.

आणखी एक ऐका. याच नियमानुसार गाजर हे फळ आहे! रताळं, टोमॅटो, भोपळा आणि काकडीसुद्धा. अर्थात फक्त जॅमपुरतं. पोर्तुगालमध्ये गाजराचा जॅम करतात, मग तो कायद्यात बसवायचा कसा? गाजरालाच फळ करून टाकलं. मामीला हे सांगितलं तेव्हा ती पाच मिनिटं हसत होती.

पण नियमाचा गाभा मजेचा नाही, मापाचा आहे. साध्या कोनफिट्युरेमध्ये किलोला किमान ३५० ग्रॅम फळ हवं. ४५० ग्रॅम असेल तर तुम्हाला एक जादूचा शब्द मिळतो, 'एक्स्ट्रा'. शिवाय विरघळलेला घन भाग, म्हणजे आपल्या कॅनिंगवाल्यांच्या भाषेत ब्रिक्स, ६०च्या वर. आपल्याकडे एफएसएसएआयचा नियम त्याहून कडक, फळ ४५ टक्के आणि ब्रिक्स ६५. मामी तर ५५ टक्के आंबा घालते. म्हणजे आपण डायरेक्ट 'एक्स्ट्रा'! जर्मन ग्राहक शेल्फवर हाच शब्द शोधतो आणि त्याला जास्तीचे पैसे मोजतो. माझ्या एक्सेलमधला सगळा नफा त्या एका शब्दावर उभा होता.

मामीच्या जुन्या लेबलवर 'शक्तिवर्धक' असंही छापलेलं होतं. ते पहिल्याच दिवशी उडवलं. आरोग्याचा कुठलाही दावा आधी मंजूर झालेला असल्याशिवाय युरोपात छापता येत नाही. "मगे काय जॅम खाऊन शक्ती जाता?" मामीने विचारलं. मी विषय बदलला.

पाजींचं नाव, पाजींची मान

पुढचा प्रश्न, माल आणणार कोण? माझ्या वर्क परमिटवर धंदा करता येत नव्हता. आणि माल बाहेरच्या देशातून येत असेल, तर युरोपात बसलेल्या आयातदाराचं नाव आणि पत्ता लेबलवर हवाच. काही चुकलं तर त्याची मान पकडायची, असा त्याचा साधा अर्थ.

आमच्या भागातले ग्रोसरीवाले पाजी तयार झाले. तीस वर्षं जर्मनीत, चेहऱ्यावर कायम 'तू मला काय शिकवतोस' असा भाव. त्यांच्याकडे कस्टम्सचा ईओआरआय नंबर होता. अर्धे पैसे मी त्यांना उसने दिले. इकडे कुडाळच्या बाजूला आयात-निर्यातीचा कोड, अपेडाचं रजिस्ट्रेशन, एफएसएसएआयचं लायसन्स, ही सगळी धावपळ मामीच्या मुलाने केली.

मग एकेक खर्च बिळातून बाहेर यायला लागला. जॅमवर नुसती टक्क्यातली ड्युटी नाही, साखर जास्त असेल तर वर वजनावर आणखी. त्यावर सात टक्के इम्पोर्ट व्हॅट. लॅबची फी. आणि माझा सगळ्यात आवडता खर्च म्हणजे रिकाम्या बाटलीचा. १ जानेवारी २०१९पासून जर्मनीत नवा पॅकेजिंग कायदा आला. पहिली बाटली विकायच्या आधी 'लुसिड' नावाच्या रजिस्टरमध्ये नाव घालायचं आणि ग्राहक ती काच कचऱ्यात टाकणार, त्याचे पैसे आधीच भरायचे. जॅम कुणी खाल्लाच नाही तरी!

लाकडी पॅलेटचीही वेगळी कथा. त्यातून लाकूड पोखरणारे किडे जाऊ नयेत म्हणून ते तापवलेलं हवं आणि त्यावर तसा शिक्का हवा. जॅम शंभर टक्के पास, पण खालच्या फळकुटावर शिक्का नाही म्हणून माल अडकला, असं होऊ शकतं. मामीच्या मुलाने मला पॅलेटच्या शिक्क्याचे अकरा फोटो पाठवले होते.

आधी ठरलं होतं सहाशे बाटल्यांचं. पाजी म्हणाले, "पुत्तर, पॅलेटचं भाडं द्यायचंच आहे तर भरून आण." झाल्या बाराशे. मामीला निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल विकल्यावर. त्या पैशांत गटाला पल्पर घ्यायचा होता, आंब्याचा गर काढायचं मशीन. तोवर अकरा बायका दोन्ही हातांनी गर काढत होत्या.

जूनमध्ये पहिल्या लॉटचं सॅम्पल लॅबमध्ये गेलं. सगळं क्लीन! लेबलं छापली, बाराशेच्या बाराशे. ऐटीत, ठळक अक्षरांत, 'कोनफिट्युरे एक्स्ट्रा'.

सत्तावीस मिलिग्रॅम

सप्टेंबरमध्ये न्हावाशेव्याहून बोट निघाली. महिन्याभरानंतर माल हँबुर्गला उतरला आणि ऑक्टोबरच्या शेवटी पाजींच्या गोडाऊनमध्ये पोचला. एकही बाटली फुटली नव्हती. क्रिसमसचा सीझन तोंडावर. मी मनातल्या मनात बिझनेस कार्ड छापत होतो.

पाजी म्हणाले, प्रत्येक लॉटमधली एक बाटली लॅबला पाठवू. मी म्हटलं, "कशाला? झालीय की टेस्ट!" ते म्हणाले, "ती जूनमधल्या बाटलीची झालीय. ही पेटी जूनची आहे का?"

पहिला लॉट क्लीन. दुसऱ्या लॉटमध्ये सल्फर डायऑक्साइड, किलोला २७ मिलिग्रॅम.

म्हणजे विष वगैरे नाही हं. साध्या जॅममध्ये मर्यादेच्या आत ते चालतं. पण दोन भानगडी होत्या. एक, किलोला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की घटकांच्या यादीत ते उठून दिसेल असं लिहावंच लागतं, कारण काही लोकांना त्याचा त्रास होतो. दमा असलेल्यांना तर अटॅक येऊ शकतो. आणि दोन, 'एक्स्ट्रा' जॅमच्या फळाला सल्फर डायऑक्साइड लावायला परवानगीच नाही. लावलं की एक्स्ट्रा हा शब्द गेला. मग आंबा पंचावन्न टक्के असो नाहीतर पंच्याण्णव.

हे आलं कुठून, ते मला कळायला वेळ लागला नाही. हापूसचा सीझन जूनच्या सुरुवातीला संपतो. वाढीव सहाशेची ऑर्डर मी दिली तेव्हा झाडावर आंबा नव्हता. पल्प ड्रममध्ये होता. आणि ड्रममधला पल्प पावसाळ्यात टिकावा म्हणून त्यात केएमएस घालतात, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. कोकणात कॅनिंगची चार दुकानं फिरलात तर पुडी कुठेही मिळेल.

आता खरं सांगतो. माझ्या डोक्यात पहिला विचार कोणता आला? गप्प बसू या. सत्तावीस मिलिग्रॅम! बाटलीच्या हिशेबाने तर मिठाच्या चार-दोन दाण्यांएवढं. कोण बघतंय? सीझन डोक्यावर आहे, लेबलं छापलेली आहेत, पैसे अडकलेत. मी हे पाजींना बोलूनही दाखवलं.

पाजींनी बाटली उलटी केली आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथे त्यांचं नाव होतं, त्यांच्या दुकानाचा पत्ता होता. "हे माझं आहे," ते म्हणाले. "तुझं कुठेच नाही."

मी तावातावाने घरी आलो. ट्राममध्ये बसल्यावर मात्र ऑफिसमधला तो चमचावाला आठवला. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला दमा आहे. कॉफी ब्रेकला बिस्किटाचा पुडा आला तरी तो आधी मागचं लेबल वाचतो, मग एक मुलीसाठी खिशात टाकतो. आम्ही सगळे त्याला चिडवायचो. त्याने माझ्याकडे सहा बाटल्या आधीच बुक केल्या होत्या. 'मुलीला फार आवडला' म्हणून.

पुढच्या स्टॉपवर उतरून मी पाजींना फोन केला. नवी लेबलं छापू म्हटलं.

मामीची वही

त्याहून अवघड फोन दुसरा होता. मामीला काय सांगणार? तुझा जॅम फेल झाला? मी जरा घाईतच विचारलं, "मामी, जॅममध्ये केएमएस घातलंस का गं?"

पलीकडे शांतता. मग आवाज चढला. "मी जॅमात काय्येक घालूक नाय. आंबो, साकर आणि लिंबू. तू माका चोर समजतंस?"

तिचंही खरं होतं. तिने जॅममध्ये काही घातलंच नव्हतं. घातलं होतं ड्रममध्ये, दोन महिने आधी. तिच्या लेखी ते पल्प टिकवणं होतं, जॅम करणं नव्हे. आपल्याकडच्या कुणी इन्स्पेक्टरनेही तिला हा फरक कधी विचारला नव्हता. आणि ऑर्डर दुप्पट करताना 'पल्प कुठला वापरणार' हे मी तरी कुठे विचारलं होतं? मला फक्त आकडा दिसत होता.

तिने फोन ठेवला. दोन दिवस उचलला नाही.

तिसऱ्या दिवशी मामीच्या मुलाने वहीच्या पानांचे फोटो पाठवले. शाळेची, दोनशे पानी वही. तिच्यात रोजचा हिशेब, मामीच्या अक्षरात. तारीख, कुणाच्या बागेतला आंबा, किती किलो, ताजा की ड्रमचा, साखर किती, बाटल्या किती आणि झाकणावर टाकलेला नंबर. ताज्या आंब्याच्या सहाशे चाळीस, ड्रमच्या पाचशे साठ. एका बाटलीचाही घोळ नाही.

पाजींनी ते फोटो झूम करून बघितले आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचा तो भाव गेला. माल कुठून आला आणि कुठे गेला याचा माग प्रत्येकाने ठेवलाच पाहिजे, हा युरोपातला अन्नाचा पहिला नियम. त्यासाठी मोठमोठ्या कंपन्या सॉफ्टवेअर घेतात. असलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रोजेक्टवर मी स्वतः होतो! आणि आमचा माल वाचवला शाळेच्या वहीने. ती नसती तर ताज्या लॉटमध्ये ड्रमची एखादी बाटली गेली नाही, याची खात्री कुणीच देऊ शकलं नसतं. बाराशेच्या बाराशे बाटल्यांवरचा 'एक्स्ट्रा' पुसावा लागला असता.

मी मामीला मेसेज केला, "वहीने वाचवलं." उत्तर आलं, "वही माझ्या सासूची पद्धत. लेबल तुझी पद्धत."

हिशेब

तर त्या शनिवारी मी बसलो लेबलं चिकटवत. पुढचा 'एक्स्ट्रा' गेला, मागे 'सल्फर डायऑक्साइड' ठळक अक्षरांत आलं. ताज्या लॉटची बाटली ४ युरो ९० सेंटला, ड्रमच्या लॉटची साडेतीनला. आठवडी बाजारात पाजींच्या पुतण्याने टेबल लावलं, तिथल्या पाटीवर मी मुद्दाम 'मँगो-मार्मेलाडे' लिहिलं. तिथे चालतं ना!

चमचावाल्याला मी स्वतः ताज्या लॉटमधल्या सहा बाटल्या दिल्या आणि दोन लॉटची गोष्टही सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मागचं लेबल वाचलं आणि पैसे मोजले. कुणी चिडवलं नाही.

फेब्रुवारी २०२०पर्यंत माल संपला. मामीचे उरलेले पैसे पूर्ण गेले. माझे उसने परत आले आणि वर नफा म्हणून १३८ युरो. दीड वर्षाच्या खटाटोपाचे एकशे अडतीस! त्यात मी एक चांगलं जाकीट घेतलं, ते अजून वापरतो. पुढच्या महिन्यात कोविड आला आणि २०२०चा सीझन गेलाच.

मी आता पुण्यात आहे. गटाकडे पल्पर आलाय. जॅमचा पल्प आता केएमएस न घालता डब्यात कॅनिंग करून आणतात. खर्च थोडा वाढला, पण ड्रम आता फक्त पाणी भरायला आहेत. पाजी दरवर्षी एक पॅलेट मागवतात. आधी सॅम्पल मागत नाहीत, वहीचं पान मागतात.

मध्यंतरी मामीला सांगितलं, की युरोपने नियम बदलला. २०२४मध्ये ठरलं, लागू होण्याची तारीख १४ जून २०२६. साध्या जॅमला आता किलोला ४५० ग्रॅम फळ आणि एक्स्ट्राला ५००. शिवाय देशांनी ठरवलं तर कुठल्याही फळाच्या जॅमला मार्मेलाडे म्हणता येईल. "आपला किती?" तिने विचारलं. पाचशे पन्नास, मी म्हटलं.

"मगे तेंनीच आता आमच्यासारखो करूक घेतल्यानी," मामी म्हणाली. मग जरा थांबून, "आणि गाजर? अजून फळच असा?"

हो मामी. अजून फळच आहे.

तुम्हालाही काही पाठवायचंय?

• आधी नाव तपासा. तुमच्या पदार्थाला त्या देशात कायद्याने काय म्हणतात ते बघा. साखरांबा, मोरंबा हे शब्द तिथे कुणाला माहीत नाहीत. ते कुठल्या व्याख्येत बसतात ते आधी ठरवा, डिझायनरला नंतर फोन करा.

• कच्च्या मालापासून विचारा. तुम्ही काय घातलंत एवढं पुरत नाही. तुमच्याकडे येण्याआधी त्यात काय घातलं गेलं, हेही लागतं.

• प्रत्येक लॉटची वेगळी टेस्ट करा. सॅम्पल पास झालं म्हणजे माल पास झाला असं नाही.

• आयातदाराला सगळं खरं सांगा. लेबलवर नाव त्याचं असतं.

• ड्युटी, व्हॅट, लॅब, पॅलेट, पॅकेजिंगची फी हे सगळं एक्सेलमध्ये घाला. मग जो नफा उरेल, त्याच्या निम्मा धरा.

• आणि एक दोनशे पानी वही घ्या.